चौघांचं मिळून वय

सकाळच्या बॅचचा रिले संघ चार वर्षांनी कमी पडतोय, हे कप्तानांच्या लक्षात आलं तेव्हा अर्ज भरायला एकच दिवस उरला होता, आणि तोही संध्याकाळी पाचपर्यंतचा.

"कमी पडतोय म्हणजे?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. ते नुकतेच पाण्यातून वर आले होते आणि एका पायावर उड्या मारत कानातलं पाणी काढत होते.

"म्हणजे आपण हवे तेवढे म्हातारे नाही," कप्तान म्हणाले. त्यांनी कागद बाकावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून त्यावर चष्मा ठेवला.

प्रौढांच्या स्पर्धेत रिलेचे गट चौघांच्या वयांची बेरीज करून ठरायचे. बेरीज निदान दोनशे ऐंशी भरली, तर सगळ्यात ज्येष्ठ गट. त्याच्या खालच्या गटात साठीतले तरणेबांड लोक, पोट आत घेऊन हिंडणारे. त्यांचे नऊ संघ उतरणार होते आणि त्यांच्यापुढे सकाळच्या बॅचचा धुव्वाच उडाला असता. ज्येष्ठ गटात मात्र दोनच संघ होते. त्यातल्या एकाचं गेल्या वर्षी पोहून संपेपर्यंत प्रेक्षकांनी बाहेर जाऊन चहा पिऊन घेतला होता. थोडक्यात, या गटात पदकाची आशा होती, आणि गेले चार महिने चौघं जण त्याच आशेवर रोज सहाच्या ठोक्याला गार पाण्यात उतरत होते.

कप्तान एकाहत्तर, डॉक्टर सदुसष्ट, ताई सत्तर, टेलरबाई अडुसष्ट. दोनशे शहात्तर.

"तुम्ही चार महिने दोनशे ऐंशी म्हणत होतात," डॉक्टर म्हणाले.

"तोंडी केली होती बेरीज." कप्तानांनी पस्तीस वर्षं बस चालवली होती. "हिशेब कंडक्टर बघायचा. मी समोर बघायचो."

बदली माणूस घ्यावा, तर तोही मिळेना. नियमाप्रमाणे दोन बायका आणि दोन पुरुष हवेत. स्लो लेनमधल्या आजी चौऱ्याहत्तरच्या होत्या, पण त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी पाणी बंद केलेलं. पुरुषांत कप्तानांहून मोठे एकच, आणि ते पाण्यात उतरायचे ते फक्त गप्पा मारायला. सगळं धुंडाळून झालं. कप्तान शेवटी म्हणाले, खालच्या गटात हसं करून घेण्यापेक्षा यंदा नकोच. चार वाजता ऑफिसात या, काय ते कळवून टाकू.

ताईने रबरी टोपी काढली, उलटी केली, तिला आतून पावडर लावली आणि "बरं" म्हणाली.

टेलरबाईला हे "बरं" चांगलं ओळखीचं होतं. ताई तिची सख्खी बहीण, आणि या बहिणीने आयुष्यात जे जे सोडून दिलं, ते असं टोपीला पावडर लावता लावता सोडून दिल्यासारखं सोडलं होतं. पण या रिलेत तिचा जीव अडकला होता. लायब्ररीतून निवृत्त झाल्यावर, चौसष्टाव्या वर्षी, ती पहिल्यांदा पाण्यात उतरली. शरीर पुढे गेलं, भीती काठावरच राहिली. रिलेत भिंत धरून पाण्यातूनही सुरुवात करता येते, नियमात बसतं ते. तरी ताईने सूर मारूनच जायचं ठरवलं. चार महिने ती काठावरच्या सूर मारायच्या ब्लॉकवर चढून उभी राहायची, आणि आधीचा माणूस भिंतीला हात लावून, दम खाऊन, "अहो ताई, मारा आता" असं म्हणेपर्यंत ती काही खाली यायची नाही. आली की पोटावर आपटायची. पोट लाल करून घ्यायची आणि पुन्हा वर चढायची. मागच्या आठवड्यात तिने टेलरबाईकडून नव्या पोशाखाचे पट्टे आखूड करून घेतले आणि वर म्हणाली, "नाव पुकारतात म्हणे माइकवरून. प्रत्येकाचं."

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. सगळ्या क्लबात ती दोघींनाच ठाऊक होती.

टेलरबाई अडुसष्टची नव्हती. ती बहात्तरची होती.

सेहेचाळीस वर्षांपूर्वी तिचं लग्न ठरलं तेव्हा ती सव्वीसची होती आणि मुलगा चोविसाचा. मुलगा घड्याळं दुरुस्त करायचा, स्वभावाने गरीब, दुकान स्वतःचं. असं स्थळ दोन वर्षांच्या फरकासाठी हातचं घालवायला वडील तयार नव्हते. त्यांनी मुलीची चार वर्षं कापली आणि बावीस सांगितली. टेलरबाईलाही ते बरंच वाटलं. वय कमी झालं म्हणून कोण रडतं? अडचण आली ती धाकट्या बहिणीची. धाकटी खरोखर चोविसाची, आणि तिचं वय काही कापता येईना, कारण ती नवऱ्यामुलाच्या मावसबहिणीच्या वर्गात होती. म्हणून एका रविवारी दुपारी वडिलांनी दोघींना समोर बसवून सांगितलं की आजपासून हिला ताई म्हणायचं. धाकटी एका दुपारीत थोरली झाली. थोरली तिला ताई म्हणू लागली, मग सासरचे म्हणू लागले, पुढे ओळखीचे, आणि आता सगळा क्लब.

नुसत्या हाकेवर भागलं असतं, तर ही गंमतच होती. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी ताईला एक स्थळ आलं. मुलगा जमीन मोजणीच्या खात्यात होता आणि लायब्ररीत यायचा. आठवडाभराची पुस्तकं न वाचताच दुसऱ्या दिवशी परत करायचा, म्हणजे पुन्हा यायला मिळे. त्याचे आईवडील चौकशीला आले ते थेट टेलरबाईच्या नवऱ्याकडे, घड्याळजींकडे, मेहुण्याला सगळं ठाऊक असणार म्हणून. त्यांनी एकच विचारलं: धाकटीचं आधी झालं, मग थोरली मागे कशी राहिली? घड्याळजींनी प्रामाणिकपणे सांगितलं, "मला नक्की माहीत नाही. काहीतरी असेल."

टेलरबाई तेव्हा पडद्याआड होती. हातात कपांचा ट्रे, शेजारी सासू. एक वाक्य पुरलं असतं. ती बाहेर आली आणि साखर किती घालू म्हणून विचारलं. पुढच्या आठवड्यात त्या मुलाने शेवटची दोन पुस्तकं शिपायाच्या हाती परत पाठवली. मग ताईला पुन्हा स्थळ आलं नाही. आईवडिलांचं म्हातारपण तिनेच काढलं, कारण ती थोरली.

रिले सोडायचं ठरलं त्या दिवशी टेलरबाई तलावावरून दुकानात गेली आणि एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापून बसली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. ती कापडाकडे बघत राहिली. चार वर्षं. एवढीच हवी होती, आणि ती तिच्या पर्समध्ये होती, सरकारी कार्डावर, जन्मतारखेसकट. घरची सगळी कागदपत्रं तिच्याच ताब्यात असायची. घड्याळजींना चिमुकली चाकं दिसायची, अर्जातले रकाने दिसायचे नाहीत. स्पर्धेच्या दिवशी टेबलावर कार्ड दाखवावं लागणार हे तिला माहीत होतं, पण ते टेबलावरचे लोक परके. परक्यांची काय भीती? भीती ओळखीच्यांची. आणि खरं सांगायचं तर तिला अडुसष्टचं राहायला आवडायचं. लेनमध्ये कुणी "या वयात काय दम आहे तुमचा" म्हटलं की ती दोन फेऱ्या जास्त मारायची. आपण बहिणीचं एकदा घेतलं, आता दुसऱ्यांदा घेतोय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिला स्वतःची लाज वाटली. साडेतीनला तिने दुकान बंद केलं.

ऑफिसात कप्तान, डॉक्टर आणि ताई आधीच आले होते. ताई आपलं नाव काढून टाका म्हणून सांगायला आली होती. टेलरबाईने पर्स उघडली आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"हे काय?" कप्तान म्हणाले.

"तारीख बघा."

कप्तानांनी बघितली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. "बाई, इथे छापताना चूक झालीय."

"छापणाऱ्याची नाही."

आता मात्र कप्तानांनी कागदावर मांडून बेरीज केली. दोनदा केली. दोनशे ऐंशी. एकही जास्त नाही, एकही कमी नाही. ते उठून उभे राहिले आणि मिठीच मारतात की काय असं वाटलं, पण त्यांनी टेबलाला वळसा घालून डॉक्टरांचाच हात हलवला.

"मला शंका होतीच," डॉक्टर म्हणाले. "दात खोटं बोलत नाहीत. पण पेशंटचं गुपित, बोलणार कसं?"

टेलरबाईने आयुष्यभर ज्याला घाबरावं, ते एवढंच निघालं. बहात्तरची आहे म्हणून या लोकांना आनंदाचं भरतं आलं होतं. तिने ताईकडे बघितलं. ताईने कार्ड हातात घेतलं, लांब धरून वाचलं, जसं काही त्यात तिला ठाऊक नसलेलं काही होतं, आणि खाली ठेवलं.

"सही कुठे करायची?" तिने विचारलं.

बाहेर रस्त्यावर आल्यावर टेलरबाईने तोंड उघडलं, तोच ताई म्हणाली, "रिले होईपर्यंत या विषयावर माझ्याशी बोलू नकोस. सूर मारायचा तर डोकं रिकामं लागतं."

दुसऱ्या दिवशी सगळ्या क्लबात बातमी झाली. लोकांनी टेलरबाईला दोन दिवस पुरेपूर चिडवलं, कुणी तिला काठावरून पाण्यात उतरायला हात देऊ लागलं, कुणी काठी आणू का म्हणून विचारलं. स्लो लेनमधल्या आजी काळा चष्मा लावून नुसत्या गंमत बघायला यायच्या. त्यांनी मात्र भलतंच विचारलं: "मग ताई कशा ताई? त्या तर धाकट्या झाल्या." सगळे हसले. ताईने डोकं पाण्यात घातलं आणि पलीकडच्या भिंतीकडे निघून गेली.

घरी सांगायचं काम त्याआधीच उरकलं होतं. ऑफिसातून परतल्यावर, बाहेरून कानावर जाण्याआधी, टेलरबाईने घड्याळजींना सगळं सांगून टाकलं. ते डोळ्याला भिंग लावून एक जुनं मनगटी घड्याळ उघडून बसले होते. त्यांनी भिंग काढलं नाही.

"म्हणजे तू माझ्याहून मोठी," ते म्हणाले.

"दोन वर्षांनी."

"त्याचं मला काही नाही." मग त्यांनी भिंग काढून ठेवलं. "ते लोक आले होते. तिच्यासाठी. त्यांना मी काय सांगितलं, आठवतं तुला?"

"आठवतं."

"मी म्हणालो, काहीतरी असेल. मी म्हणालो तसं. मला माहीतच नव्हतं." त्यांचा आवाज चढला नाही, पण त्यांनी उघडलेलं घड्याळ बाजूला सारलं. "तू कुठे होतीस तेव्हा?"

"पडद्यामागे. तुम्ही बोललात ते ऐकलं मी."

"हे तिला ठाऊक आहे?"

"नाही."

"सांग तिला," घड्याळजी म्हणाले. "ते नाही सांगितलंस, तर कार्ड दाखवून काय उपयोग?"

त्या रात्री ते जेवले, औषध घेतलं, झोपले. पण तिच्याशी चार दिवस धड बोलले नाहीत. तिनेही तक्रार केली नाही. ताईला सांगायचं तिने नक्की केलं. मात्र ताईने रिलेपर्यंत तोंड बंद ठेवायला सांगितलं होतं, आणि खरं म्हणजे टेलरबाईला ते पथ्यावरच पडलं होतं. अकरा दिवस दोघी एका लेनमध्ये पोहत होत्या, एका बाकावर अंग पुसत होत्या आणि पाणी आज फार गार आहे, एवढंच बोलत होत्या.

स्पर्धेचा तलाव मोठा होता आणि गोंगाट इतका, की शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. माइकवरून नावं पुकारली. ताईने आपलं नाव ऐकलं, मान ताठ केली आणि टोपी नीट बसवली.

डॉक्टर पहिले, कप्तान दुसरे, टेलरबाई तिसरी, ताई शेवटची. डॉक्टर बरे गेले. कप्तान समोर बघत सरळ रेषेत गेले आणि दुसऱ्या नंबरवर परतले. टेलरबाई उतरली तेव्हा पुढच्या संघाची बाई चार हात पुढे होती. टेलरबाई अशी पोहली की बहात्तर वर्षं विसरायला व्हावं. परतीच्या अर्ध्यावर तिने त्या बाईला गाठलं. छाती फुटायला आली होती. पाण्यातून वर बघितलं की ब्लॉकवर ताई दिसत होती, हात पुढे, गुडघे वाकवलेले. आता भिंतीला हात लावायचा, आणि मग ती थांबणार, घाबरणार, कप्तान ओरडणार, सगळं नेहमीचंच, असं टेलरबाईच्या मनात येतं न येतं तोच डोक्यावरून काहीतरी गेलं. भिंत अजून दोन हात लांब होती.

सूर सुंदर होता. पोट आपटलं नाही, पाणी उडालं नाही. ताई समोर निघून गेली आणि अशी पोहली की सगळ्यांच्या आधी परत आली. काठावर पांढऱ्या कपड्यातल्या पंचाने हात वर केला होता. आधीच्याचा हात भिंतीला लागायच्या आत ब्लॉक सोडला, की संघ बाद. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं. कप्तानांनी तरी दहा मिनिटं घातला, मग ते बाहेर जाऊन गाड्यांमध्ये उभे राहिले.

कपडे बदलायच्या खोलीत दोघी बाकावर बसल्या. पलीकडे पहिल्या आलेल्या संघातल्या बायका पदकं गळ्यात घालून केस वाळवत होत्या.

"अर्धा सेकंद," टेलरबाई म्हणाली. तिचा दम अजून बसला नव्हता. "चार महिने उशिरा उडी मारलीस. आजच कशी घाई झाली तुला?"

ताईने थोडा विचार केला. "तू येत होतीस. मी खाली बघितलं आणि मनात आलं, हिच्यासाठी आता नाही थांबायचं. मग उडी गेली." ती पाय पुसू लागली. "वाईट वाटतं कप्तानांसाठी. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू."

टेलरबाईला राग आला, आणि त्याच्या मागोमाग तो करायचा आपल्याला हक्क नाही हेही कळलं. टॉवेल तोंडावर धरून ती काही वेळ बसली. मग तिने टॉवेल खाली घेतला.

"रिले झाली. आता बोलू?"

"बोल."

"ते मोजणी खात्यातल्याचे आईवडील आमच्याकडे आले होते, तेव्हा मी पडद्यामागे होते. सगळं ऐकलं. बोलले नाही."

ताईचा हात थांबला. "किती वेळ होतीस?"

"पूर्ण वेळ. चहासुद्धा मीच दिला."

ताई समोरच्या फरशीकडे बघत राहिली. तिचा चेहरा पडला नाही, रागावला नाही; फक्त ती एकदम दमल्यासारखी दिसली.

"मी धरून चालले होते, की तू घरी नसशील," ती म्हणाली. "बाजारात गेली असशील. इतकी वर्षं मी तेच धरलं होतं. तू घरी असतीस तर सांगितलं असतंस, असं."

"माझं चुकलं."

"हो. चुकलं."

टेलरबाई रडू लागली. पलीकडच्या बायकांना वाटलं, बाद झाल्यामुळे रडतेय. त्यातली एक पुढच्या वर्षी होईल म्हणून सांगून गेली.

"ताई," टेलरबाई म्हणाली, "मी काय करू आता?"

"आधी ते बंद कर. मी ताई नाही तुझी. कधीच नव्हते. नाव आहे मला."

टेलरबाईने तोंड उघडलं. त्या रविवारच्या दुपारनंतर ते नाव तिने एकदाही घेतलं नव्हतं. लहानपणी दिवसातून शंभर वेळा घ्यायची, अंगणातून, गल्लीतून, रागावून, लाडाने. आता दुसऱ्याच कुणाचं असावं तसं, खालच्या आवाजात, ते कसंबसं बाहेर पडलं.

"ऐकू नाही आलं," धाकटी म्हणाली. तिचं अंग कोरडं झालं होतं, तरी ती उठली नव्हती. "मोठ्याने म्हण."

टेलरबाईने मोठ्याने म्हटलं.